तिसरी घंटा आणि शेवटची बदलापूर

चार वर्षं इंजिनिअरिंग, त्यातली निदान तीन या हॉस्टेलवर, आणि एकही नाटक न बघता डिग्री घेऊन घरी! आपल्याकडून दरवर्षी अशी अख्खी बॅच बाहेर पडते. पिक्चर सगळ्यांनी बघितलेले असतात, फर्स्ट डे फर्स्ट शोसकट. आयपीएलसाठी वानखेडेला जाऊन आलेले वीरही आहेत. पण नाटक म्हटलं की तीन उत्तरं पाठ असतात, व्हायवाला असावीत तशी. "ते दादरला असतं ना?" "तिकीट फार महाग असतं यार." "तिथे आपल्या आईबाबांच्या वयाचे लोक जातात."

तिसऱ्या उत्तरात थोडं तथ्य आहे, आणि आपण गेलो नाही तर ते तसंच राहणार. पहिली दोन मात्र साफ चूक.

आधी दादरचं बघू. पिक्चरसारखं मराठी नाटक एका थिएटरला 'लागत' नाही. व्यावसायिक नाटक म्हणजे फिरता संसार असतो. सेट टेम्पोत, कलाकार बसमध्ये. दुपारचा प्रयोग एका नाट्यगृहात, की सेट उतरवायचा, गाडीत भरायचा आणि रात्री दुसऱ्या गावात पुन्हा उभा करायचा. दादरच्या शिवाजी मंदिरात जे नाटक चाललंय तेच, त्याच नटांसह, त्याच सेटसह कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात आणि डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात येतं. थोडा धीर धरायचा, नाटक आपल्याकडे चालत येतं! अंबरनाथ किंवा उल्हासनगरहून कल्याण म्हणजे लोकलचं पाच-दहा रुपयांचं तिकीट. अत्रे रंगमंदिर कल्याण स्टेशनपासून पश्चिमेला, महापालिकेच्या जवळ, चालत जाण्यासारखं. डोंबिवलीचं फुले कलामंदिर पूर्वेला एमआयडीसीच्या बाजूला, तिथे रिक्षा करावी लागते. त्यापुढे ठाण्याचं गडकरी रंगायतन, १९७८ सालचं, तलावपाळीच्या काठावर. आपल्यासाठी नाटकाचा रस्ता या क्रमाने जातो. दादर, पार्ले, जुहू हे नंतरचं, आवड लागल्यावरचं.

आता पैसे. हल्ली व्यावसायिक नाटकाचं पुढच्या रांगांचं तिकीट साधारण पाचशेच्या घरात असतं. हा आकडा पाचशेवरच का अडतो याची गंमत सांगतो. २०१८ साली नाटकाच्या तिकिटावरची जीएसटी माफीची मर्यादा अडीचशेवरून पाचशे रुपयांवर नेली गेली. त्यावर एक रुपया वाढवला की कर आला, म्हणून निर्माते बराच काळ पाचशेच्या आतच खेळत राहिले. पण पाचशेचं तिकीट काढायला सांगतंय कोण? बाल्कनी बरीच स्वस्त असते आणि बाल्कनीची पहिली रांग, मधली जागा, ही माझ्या मते पूर्ण नाट्यगृहातली सर्वात चांगली जागा आहे. वरून सगळं रंगमंच दिसतं. कोण कुठून आलं, कोण कुणापासून लांब सरकलं, प्रकाश कुठे पडला, हे पुढच्या रांगेतल्या पाचशेवाल्याला मान वळवून वळवून बघावं लागतं. घ्यायचीच नाहीत अशी तिकिटं म्हणजे खाली, बाल्कनीच्या पोटाखालच्या शेवटच्या रांगा. डोक्यावर छत आल्यामुळे वरून परावर्तित होऊन येणारा आवाज तिथे पोचतच नाही, संवाद दबके येतात. सिव्हिलवाल्यांना हे मी सांगायला नको. अपवाद एकच. दोन-तीन पात्रांचं, हळू बोलण्याचं नाटक असेल तर बाल्कनीचा हट्ट सोडावा आणि खाली मधल्या रांगेचे पैसे मोजावेत. तिथे चेहरा दिसायला हवा.

नाटक निवडायचं कसं, यावर आमच्या विंगमध्ये कायम भांडण होतं. बहुतेकांचा निकष एकच, सिरियलमधला कोण आहे? जाहिरातीत त्याचाच फोटो मोठा असतो, आणि पब्लिक तेवढ्यावर जातं. मी उलटं करतो. रविवारच्या पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडायचं आणि फोटो सोडून बारीक अक्षरातली नावं वाचायची, लेखक आणि दिग्दर्शक. नट चांगला असून नाटक पडलेलं मी बघितलंय. संहिता भक्कम आणि दिग्दर्शक जाणता असेल, तर बदली नटाचा प्रयोगही वसूल होतो. दुसरं, "शेवटचे काही प्रयोग" या शब्दांवर घाईघाईने विश्वास ठेवू नका. शेवटचे प्रयोग संपल्यावर 'लोकाग्रहास्तव' नावाचं एक प्रकरण असतं. तिसरं, शुभारंभाच्या प्रयोगाला जाण्याची हौस नवशिक्याने करू नये. पहिल्या दहा-बारा प्रयोगांत नाटक अजून बसत असतं, लांबलेलं असतं, काटछाट व्हायची असते. आणि काही विनोदी नाटकं शेकडो प्रयोगांनंतर इतकी सैल होतात की नट लेखकाला विसरून आपल्याच पदरचं बोलत सुटतात. पब्लिक हसतं, तो भाग वेगळा.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी जुनं नाटक नव्या संचात आलं असेल तर ते सुचवीन. प्रशांत दळवींचं 'चारचौघी' १९९१ सालचं, ते २०२२ मध्ये पुन्हा रंगभूमीवर आलं. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'चा पहिला प्रयोग १९८५ चा, आणि २०१४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी ते नव्याने बसवलं. इतक्या वर्षांनी ज्यावर कुणी पुन्हा पैसे लावतो, त्या संहितेत काहीतरी असतंच. विनोदी नाटकाला नाक मुरडू नका, हेही सांगतो. २००२ च्या १५ ऑगस्टला सुरू झालेल्या 'सही रे सही'त भरत जाधव ज्या वेगाने एका भूमिकेतून दुसरीत जात, ते टीव्हीवर किंवा यूट्यूबवर बघून कळत नाही. एका बाजूने गेलेला माणूस दुसऱ्या बाजूने वेगळ्या कपड्यांत येतो आणि मध्ये कुठेही 'कट' नाही, हे समोर बसूनच पटतं.

खिसा पूर्ण रिकामा असेल तर स्पर्धा. राज्य नाट्य स्पर्धेची तिकिटं चहा-वड्याच्या भावात मिळतात आणि आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांमध्ये तर आपल्याच वयाची पोरं लिहीत असतात, करत असतात, प्रेक्षकांत ओरडतही असतात. आईबाबांच्या वयाचे लोक, ही तक्रार तिथे तरी नको. 'संगीत देवबाभळी' हे प्राजक्त देशमुखांचं नाटक २०१७ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आलं, त्याआधी ती स्पर्धेतली एकांकिकाच होती. दरवर्षी २५ जानेवारीच्या रात्री मुंबईत 'सवाई एकांकिका' स्पर्धा होते, ठिकठिकाणी पहिल्या आलेल्या एकांकिकांची, रात्रभर. पहाटे पहिली लोकल पकडून परत. गेटचा प्रश्नच येत नाही, कारण आपण उजाडल्यावर आत येतो!

गेटचा विषय निघालाच आहे, तर तो पुढे ढकलत नाही. हा लेख लिहायचं खरं कारण तेच आहे.

मी वडसा-देसाईगंजच्या बाजूचा, झाडीपट्टीतला. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक असतं. ते रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटे संपतं. म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, नव्या सुना, सगळे चादरी घेऊन बसतात. तिथून इथे आलो तर नियम कळला, मुलांचं गेट दहाला बंद, मुलींचं साडेआठला. रात्रीचा प्रयोग सुरूच होतो साडेआठला. म्हणजे तिसरी घंटा होते तेव्हा आपल्या मुली आत कोंडलेल्या असतात आणि मुलं पहिला अंक संपायच्या आत उठली तरच वेळेवर पोचणार. दुपारच्या प्रयोगाचंही गणित करून बघा. दादरला चारचा प्रयोग, सुटायला पावणेसात, स्टेशनवर सात, गाडी मिळून अंबरनाथ गाठायला तासभर ते सव्वा तास, पुढे रिक्षा. गाडी एक चुकली की मुलीला घरी फोन जाणार. हाच चारचा प्रयोग कल्याणला बघितला तर ती साडेसातला मेसमध्ये जेवायला बसलेली असते. म्हणून मी कल्याण-कल्याण करतोय. आपल्या अर्ध्या हॉस्टेलसाठी ते एकच नाट्यगृह आहे.

रविवारचा मेगाब्लॉक हे आणखी एक पात्र. नाटकं रविवारी जास्त आणि मध्य रेल्वेचा ब्लॉकही रविवारीच. मुख्य मार्गावर तो साधारण अकराच्या सुमाराला सुरू होऊन दुपारी चारच्या आसपास संपतो, म्हणजे बरोब्बर दुपारच्या प्रयोगाच्या मुहूर्तावर. शनिवारी ब्लॉकची बातमी वाचा आणि ठाण्याच्या पुढे जायचं असेल तर तास आधी निघा. जुहूच्या पृथ्वी थिएटरला उशिरा येणाऱ्याला आत सोडत नाहीत, कितीही विनवण्या करा. परतीचं तर आधीच ठरवा. रात्री कल्याणपर्यंतच्या गाड्या बऱ्याच असतात, पुढे बदलापूर-कर्जतच्या मोजक्या. उल्हासनगरवाल्याला कल्याणहून रिक्षा परवडते, बदलापूरवाल्याला शेवटच्या गाडीचं वेळापत्रक खिशात ठेवूनच नाटक बघावं लागतं. आणि नाट्यगृहं दुरुस्तीसाठी कधी कधी महिनोन् महिने बंद असतात, तेव्हा निघण्याआधी प्रयोग त्याच ठिकाणी आहे ना, हे बुकिंगच्या अ‍ॅपवर किंवा तिकीट खिडकीवर विचारून घ्या.

रेक्टर सरांची बाजू मला कळत नाही असं नाही. रात्री बारा वाजता कुणाचं काही झालं तर पालक त्यांनाच विचारणार. "एकाला सोडलं की उद्या सगळे मागतील" हेही ते म्हणतील, आणि नाटकाच्या नावाखाली दुसरीकडेच जाणारे निघतील हे मलाही माहीत आहे. पण नाटकाला एक सोय आहे, तिकिटावर तारीख, वेळ, नाट्यगृह सगळं असतं. महिन्यातून दोन शनिवार, किमान चार जणांचा गट, आदल्या दिवशी रजिस्टरमध्ये नावं, परत येताना फाटलेलं तिकीट दाखवायचं, गेट साडेबाराला. कल्याणचा रात्रीचा प्रयोग सव्वाअकराच्या सुमाराला सुटतो, तेवढा वेळ पुरतो. मुलींच्या गटाबरोबर एखाद्या मॅडम आल्या तर उत्तमच. स्टाफरूममध्ये नाटकवेड्या मॅडम किती आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे! इंडस्ट्रियल व्हिजिटला आपण बस करून वापी गाठतो, त्यात ज्या सह्या लागतात त्याच इथे लागतील. हेही जड वाटत असेल तर निदान एका रविवारी दुपारी पन्नास जणांचं बुकिंग कॉलेजने करून बघावं. मोठ्या गटाला सवलत मिळेल का, हे आयोजकाला विचारता येतं.

आत गेल्यावर काय करायचं, हे कॉलेजच्या मुलांना शिकवायची वेळ येऊ नये, पण येते. मोबाइल सायलेंट नव्हे, बंद. २०१९ मध्ये सुबोध भावे यांनी प्रयोगात वाजणाऱ्या मोबाइलला वैतागून नाटकात काम करणंच थांबवण्याची भाषा केली होती. स्क्रीनचा उजेडही स्टेजवरून दिसतो. वेफर्सची पिशवी मध्यंतरापर्यंत उघडू नका, मध्यंतरात वडा खा आणि रांग मोठी असते म्हणून पडदा पडल्या पडल्या पळा.

टेक्निकल डोकं असलेल्यांनी एकदा तरी फक्त प्रकाश बघण्यासाठी नाटक बघावं. डिमरवर बसलेला माणूस तुम्हाला दिसत नाही, पण संध्याकाळ तोच आणतो. सेटचे फ्लॅट कुठे जोडलेत, दार उघडताना भिंत हलते का, दोन तासांत हे उभं कसं केलं असेल, हा एक छान केस स्टडी आहे. मेकॅनिकलच्या एका मित्राला नाटक अजिबात आवडलं नाही, पण सेट उतरवताना बघायला तो मागच्या दाराशी अर्धा तास उभा होता आणि परतीच्या गाडीत फक्त त्याबद्दलच बोलत होता.

प्रयोग संपल्यावर लगेच पळू नका, गाडीला वेळ असेल तर. मराठी नाटकात कलाकारांना आत जाऊन भेटायची पद्धत आहे, सहसा कुणी अडवत नाही. मेकअप पुसत असलेला माणूस थकलेला असतो, तरी बोलतो. सेल्फी हवा तर काढा, पण एखादा प्रश्नही विचारा, मग बघा तो कसा खुलतो.

रविवारच्या पेपरातलं नाटकांचं पान मी मेसच्या बोर्डावर लावायला सुरुवात केली आहे. अत्रे आणि फुलेच्या प्रयोगांना लाल पेनने गोल केलेला असतो. कृपा करून ते पान पोळीखाली घ्यायला नेऊ नका. रेक्टर सरांकडे द्यायच्या अर्जावर आतापर्यंत एकतीस सह्या झाल्या आहेत, अर्ज खोली नंबर १४ मध्ये आहे.