एक डबा, पण दर दोन तासांनी

माझी थोरली बहीण दारव्ह्याला असते. वय ब्याऐंशी. परवा फोनवर म्हणाली, "तूच ये रे बाबा, मला आता एस.टी.ची पायरी चढवत नाही." फोन ठेवला आणि शकुंतला आठवली.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अडीच फुटी रुळांवरची आमची गाडी. इंग्रजांच्या काळात इथला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला नेता यावा म्हणून हा मार्ग टाकला. १९९४ साली वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं आणि आता तर गाडीच बंद आहे. तिच्याबद्दल हळहळून पुष्कळ लिहिलं जातं. पण खरं सांगू का? शेवटी शेवटी आमच्या घरातलंही कोणी तिच्यात बसत नव्हतं. दिवसातून एक फेरी, ती चुकली की दिवस गेला. एस.टी. केव्हाही मिळायची. हळहळणाऱ्यांत मीही आहे, आणि गाडी सोडणाऱ्यांतही.

म्हणून माझं मत असं, की लहान मार्गाला मोठी गाडी लागत नाही, वारंवार येणारी गाडी लागते. १९५० च्या सुमारास पश्चिम जर्मनीत हाच पेच होता. गावोगावचे मार्ग तोट्यात, इंजिन आणि डबे ओढणं परवडेना. तेव्हा त्यांनी दोनच आसांची रेल्वेबस काढली. बसच्या धर्तीचं इंजिन डब्याच्या खालीच बसवलेलं, चालवायला एक माणूस. वजन कमी म्हणून इंधन कमी, रुळांची झीजही कमी. शेवटच्या स्टेशनावर इंजिन फिरवायची कटकट नाही. लोक तिला शाखामार्गांची तारणहार म्हणू लागले.

आता दुसरी बाजू. इंग्लंडनेही १९८० च्या दशकात बसचे सुटे भाग वापरून 'पेसर' गाड्या काढल्या. त्या इतका हिसका द्यायच्या आणि वळणावर इतक्या किंचाळायच्या, की प्रवासी वैतागले. तरी शेवटची गाडी निघायला २०२१ उजाडलं. हलकं म्हणजे हलक्या प्रतीचं नव्हे, एवढा धडा त्यातून घ्यावा.

आमच्याकडे रूळ रुंद करा ही मागणी जुनीच आहे. जरूर करा. पण मग त्यावर दहा डब्यांची गाडी दिवसातून एकदा पाठवू नका. एक-दोन डबेच असू द्यात, पण दर दोन तासांनी. आणि फलाट नि डब्याची जमीन एका पातळीत ठेवा, म्हणजे ब्याऐंशीच्या बाईलाही कुणाचा हात न धरता आत जाता येईल.

असो. तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा. ताईला सांगितलंय, रविवारी मीच येतो. एस.टी.ने.