मोती पिकायची वाट

मराठी भाषेने दुखण्यांना नावे ठेवताना कधी हात आखडता घेतलेला नाही. पण मोतीबिंदूच्या बारशाच्या दिवशी ती विशेषच प्रसन्न असावी. लॅटिनवाल्यांनी याच विकाराला धबधब्याचे नाव दिले; का, तर डोक्यातून पाणी उतरून बुबुळामागे पडद्यासारखे पडते अशी त्यांची समजूत. आपल्या पूर्वजांना मात्र तेथे मोती दिसला! नावाच्या या श्रीमंतीमुळेच की काय, आमच्या रोडपालीत मोतीबिंदूची कुणाला फारशी धास्ती वाटत नाही. तो आंब्यासारखा पिकावा लागतो आणि पिकल्यावरच उतरवावा, असे जुनी माणसे सांगतात.

माझ्या सासूबाई याच पंथाच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एकाएकी चष्मा पेटीत ठेवला आणि उघड्या डोळ्यांनी पोथी वाचू लागल्या. घरात कोण कौतुक! सत्तरीत नजर परत आली म्हणून शेजारणी पाहून गेल्या. खरा प्रकार निराळाच होता. वयाबरोबर डोळ्यातले भिंग मध्यभागी घट्ट होऊ लागले, की त्याची ताकद वाढते. जवळचे अक्षर चष्म्यावाचून लागते आणि दूरचे पुसट होते. मोतीबिंदूची ही पहिली लबाडी. वर्षभरात तांदळातले खडे सुटू लागले, मासळीतले काटे नातवंडांच्या ताटात जाऊ लागले, आणि एकदा तर सासूबाई अंगणाची पायरी चुकल्या. तरी त्यांचे पालुपद एकच : "पिकू दे की गं!"

एके काळी हा सल्ला शहाणपणाचा होता, हे कबूल केले पाहिजे. तेव्हा डोळ्याला मोठा छेद देऊन सबंध भिंग काढीत. मग डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून रोग्याने कित्येक दिवस उताणे पडायचे, आणि नंतर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा जन्मभर वागवायचा. एवढी शिक्षा जितकी लांबेल तितकी बरी! पुढे हॅरल्ड रिड्ले नावाच्या इंग्रज डॉक्टराने पाहिले, की युद्धात फुटलेल्या विमानाच्या काचेचे—म्हणजे पर्स्पेक्स या प्लॅस्टिकचे—कण वैमानिकांच्या डोळ्यात राहूनही डोळा चिडत नाही. १९४९ साली त्याने त्याच जातीच्या पदार्थाचे भिंग डोळ्यात बसविले. १९६७ साली अमेरिकेतल्या चार्ल्स केल्मनने तर दंतवैद्याकडचे दात साफ करण्याचे यंत्र पाहून ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेण्याची युक्ती काढली. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून काम होते, घडी केलेले भिंग आत जाऊन उलगडते, आणि रोगी बहुधा त्याच दिवशी घरी जातो.

त्यामुळे पिकण्याचे गणित उलटले आहे. भिंग जितके कठीण, तितका त्याला फोडायला जोर अधिक आणि डोळ्याला त्रास अधिक. अति पिकलेला मोतीबिंदू कधी डोळ्यातला दाबही वाढवतो. तो थेंबांनी विरघळत नाही. रोजच्या कामात नजर आडवी येऊ लागली, की वेळ झाली असे समजावे. आणि त्याचे सख्ख्या भावासारखे नाव असलेला काचबिंदू हा निराळाच इसम आहे. त्याने नेलेली नजर परत येत नाही. म्हणून 'मोतीबिंदूच असेल' असे घरबसल्या ठरवू नये.

रुग्णालयात गेलो तो खरी परीक्षा पुढेच होती. एका बाईंनी आमच्यापुढे भिंगांचा तक्ता धरला. सुती लुगड्यापासून पैठणीपर्यंतची दुकानमांडणीच ती! "आईला उंचीतलंच घालायचं," असे ह्यांनी जाहीर करून टाकले. मुलाची माया किमतीतच मोजायची अशी आपल्याकडे रीत आहे.

सुदैवाने डॉक्टर गोष्टीवेल्हाळ निघाले. एकाच अंतरावर स्वच्छ दाखवणारे साधे भिंग. बुबुळाची वक्रता तिरपी असेल तर ती सुधारणारे टोरिक. आणि दूर-जवळ दोन्ही दाखवणारे मल्टिफोकल. या शेवटच्याने चष्मा पुष्कळसा सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात आणि अंधुक उजेडात चित्राची धार थोडी बोथटते. पडद्याचा विकार किंवा काचबिंदू असला तर ते बहुधा टाळतात. आमच्या शेजारचे एक गृहस्थ कळंबोलीच्या लोखंडबाजारातून रात्री ट्रेलर हाकतात; त्यांना डॉक्टरांनी साधेच भिंग घ्यायला सांगितले होते, त्याचा उलगडा मला तेव्हा झाला. लेसरचे म्हणाल, तर त्याने काही छेद यंत्राने घेता येतात, बिल वाढते. बहुतेकांच्या अखेरच्या नजरेत फारसा फरक पडत नाही. फार कठीण मोतीबिंदूसाठी हाताने करायची, बिनटाक्याची, स्वस्त शस्त्रक्रियाही आहे, आणि कसबी हातात ती मुळीच कमी दर्जाची नाही. सरकारी रुग्णालयात ही कामे मोफत होतात, जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांच्या हातून दृष्टी मिळालेली माणसे तर महाराष्ट्रभर भेटतील.

"आजी, चष्म्यावाचून काय दिसायला हवं?" डॉक्टरांनी विचारले.

"तांदळातला खडा," सासूबाई म्हणाल्या. "लांबचं काय, माणूस जवळ आला की दिसतोच."

साधेच भिंग ठरले, पण नंबर जवळचा; बाहेर जाताना चष्मा. ह्यांचा चेहरा थोडा उतरला खरा. ह्यांनी हळूच पुन्हा तक्त्याकडे बोट नेले, तेव्हा सासूबाईंनी तो तक्ताच बाईंच्या हाती परत दिला.

पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. नव्या डोळ्याला भिंत पांढरी दिसत होती, जुन्याला पिवळट. जुने भिंग पिवळे पडलेले असते, म्हणून हा भेद. "म्हणजे रंगाऱ्याशी मी उगाच भांडले," त्या म्हणाल्या.

पुढे केव्हातरी भिंगामागची पिशवी गढूळ झाली तर लेसरने पाचेक मिनिटांत साफ करतात. त्याला लोक मोतीबिंदू परत आला म्हणतात, तसे नसते. सध्या थेंबांचे वेळापत्रक कालनिर्णयावर लटकले आहे, चकलीच्या कढईजवळ सासूबाईंना मज्जाव आहे, आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख त्यांनी स्वतःच तुळशीच्या लग्नानंतरची घेऊन ठेवली आहे.