युरियाच्या गोणीमागचे गॅसचे गणित

युरियाची ४५ किलोची गोणी तयार करायला साधारण एक एमएमबीटीयू नैसर्गिक वायू लागतो. एमएमबीटीयू हे गॅसच्या खरेदी-विक्रीचे एकक. घरगुती दीड सिलिंडर जाळून मिळेल जवळपास तेवढी ही उष्णता. पण कारखान्यात यातला बराच वायू जाळला जात नाही. त्यातला हायड्रोजन हवेतल्या नत्राशी जोडून अमोनिया बनतो आणि अमोनियापासून युरिया. गॅस इथे कच्चा माल आहे. तो थांबला की उत्पादन थांबते.

आयात केलेला द्रवरूप गॅस (एलएनजी) १२ डॉलर प्रति एमएमबीटीयू पडला, तर एका गोणीतला नुसता गॅस हजार रुपयांच्या घरात जातो. आपण गोणीला मोजतो २६६ रुपये ५० पैसे. उरलेला भार केंद्राच्या अनुदानावर.

देशातला गॅस स्वस्त आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने ओएनजीसी आणि ऑइल इंडियाच्या जुन्या क्षेत्रांतील गॅसचा दर कच्च्या तेलाच्या दराशी जोडला आणि कमाल मर्यादा ६.५० डॉलर ठेवली. पण या गॅसवर पहिला हक्क सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसचा आहे. अलिबागजवळचा थळचा कारखाना मुंबई हायच्या गॅसवर उभा राहिला. आज देशातल्या युरिया उद्योगाची बहुतांश गरज मात्र आयात एलएनजीवर भागते. २०१५ पासून देशी आणि आयात गॅसच्या दरांची सरासरी काढून तो कारखान्यांना एकाच भावाने देतात. त्यामुळे कारखान्या-कारखान्यातला फरक मिटला, परावलंबन नाही.

२०२२ मध्ये हे दिसले. गॅझप्रोमच्या पूर्वीच्या जर्मन उपकंपनीने करारातला पुरवठा थांबवला आणि गेलला खत कारखान्यांच्या गॅसमध्ये कपात करावी लागली. कतारचा गॅस होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो, तिथला तणावही थेट याच साखळीवर येतो.

माझ्या मते धोरणातली खरी उणीव इथे आहे. गोणीचा भाव बांधलेला असल्याने गॅसचे संकट शेतकऱ्याला महागाई म्हणून कळतच नाही. ते कळते दुकानातल्या 'माल नाही' या उत्तरातून, किंवा युरियासोबत नको ते गळ्यात मारणाऱ्या लिंकिंगमधून. शहरांच्या सीएनजीला प्राधान्य देणे चूक नाही, पण गाडीला पेट्रोलचा पर्याय असतो. मक्याच्या वरखताची वेळ टळली की ती परत येत नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबरच्या गरजेइतक्या युरियासाठी तरी देशी गॅसचा ठरावीक वाटा आधीच बांधून द्यावा. तालचेरचा कोळशापासून युरिया बनवण्याचा प्रकल्प याच विचाराचा आहे, पण त्याची पायाभरणी २०१८ ची आणि काम लांबतच गेले.

तोवर आपल्या हातातले बघू. सोयाबीन, तूर, हरभऱ्याला उभ्या पिकात युरिया टाकू नका. मुळांवरच्या गाठी नत्र देतात आणि जादा युरियाने सोयाबीन नुसते माजते. मका आणि कपाशीला शिफारशीचे नत्र हप्त्यांत विभागून, जमिनीत ओल असताना, मातीआड करून द्या. कोरड्या जमिनीवर फेकलेल्या युरियातले नत्र अमोनिया होऊन हवेत जाते. कृषी सहायकांनी गावनिहाय मागणी काढताना मक्याचे वाढलेले क्षेत्र वेगळे नोंदवावे, कारण मागच्या वर्षाच्या विक्रीवर काढलेल्या मागणीत ते धरलेलेच नसते.