इटालियन फुटबॉलचा ऱ्हास : दोष घोटाळ्याचा की वैभवाचा?

#थ्रेड

१/ मे १९९०. युरोपातील क्लब फुटबॉलच्या तिन्ही स्पर्धांचे चषक एकाच महिन्यात इटलीत आले. युरोपियन कप मिलानने जिंकला, कप विनर्स कप सॅम्पडोरियाने आणि युएफा कप युव्हेंटसने. युएफा कपच्या अंतिम लढतीतील पराभूत संघही इटालियनच होता, फिओरेंटिना.

२/ ३१ मे २०२५. म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना इंटर मिलान ०-५ असा हरला. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इतक्या मोठ्या फरकाने आजवर कोणीही हरले नव्हते. या दोन मे महिन्यांच्या मध्ये पस्तीस वर्षे आहेत. त्या काळात काय बिघडले, याविषयी प्रचलित मताहून थोडे वेगळे मत मांडणारा हा थ्रेड.

३/ प्रथम उंची मोजू, म्हणजे घसरणीचा अंदाज येईल. १९८९ ते १९९८ या दहा वर्षांत युरोपियन कप (पुढे चॅम्पियन्स लीग) स्पर्धेचे दहा अंतिम सामने झाले. त्यांपैकी नऊ सामन्यांत इटालियन संघ होता. अपवाद फक्त १९९१ चा, आणि तो सामनाही इटलीतच, बारी शहरात खेळला गेला.

४/ दुय्यम मानल्या जाणाऱ्या युएफा कपमधील चित्र तर याहून बोलके आहे. १९८९ ते १९९९ या अकरा वर्षांत हा चषक आठ वेळा इटलीत गेला. नापोली, युव्हेंटस, इंटर, पार्मा असे चार वेगवेगळे विजेते. चार वेळा तर अंतिम लढतीतील दोन्ही संघ इटालियन होते. शिखर उंच होतेच, पण पायथाही रुंद होता.

५/ हे वैभव आले कोठून? १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाकडून हार पत्करावी लागल्यावर इटलीने परदेशी खेळाडूंना दारे बंद केली. ती १९८० मध्ये पुन्हा उघडली. १९८४ मध्ये मॅराडोना नापोलीत आला आणि पुढची दीड दशके जगातील बहुतेक विक्रमी किमतीच्या खेळाडूंनी इटलीचीच वाट धरली.

६/ नशिबाचा वाटाही मान्य केला पाहिजे. १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या हेसेल स्टेडियमवर युव्हेंटस आणि लिव्हरपूल यांच्या अंतिम सामन्यापूर्वी ३९ प्रेक्षकांचा मृत्यू झाला. त्यानंतर इंग्लिश क्लबांवर पाच वर्षे युरोपबंदी आली. सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्धी रिंगणाबाहेर गेला. तरीही बंदी उठल्यावर जवळजवळ दशकभर इटलीचे वर्चस्व टिकले, हे विसरून चालणार नाही.

७/ आता प्रचलित स्पष्टीकरण. कोणालाही विचारा, उत्तर मिळते : ‘कॅल्चोपोली’. २००६ मध्ये पंचांच्या नेमणुकांवर प्रभाव टाकल्याचे प्रकरण उघडकीस आले. युव्हेंटसची दोन विजेतेपदे काढून घेण्यात आली व संघ दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला. मिलान, लाझियो, फिओरेंटिना यांचे गुण कापले गेले. प्रतिष्ठा धुळीस मिळाली आणि ऱ्हास सुरू झाला, अशी ही कथा.

८/ कथा आकर्षक आहे. तिला खलनायक आहे, तारीख आहे, शिक्षाही आहे. अडचण एवढीच की कालक्रम तिच्या विरोधात साक्ष देतो. घोटाळ्यानंतर वर्षभराच्या आत, मे २००७ मध्ये, गुण कापले गेलेल्या त्याच मिलानने अथेन्समध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली. २०१० मध्ये इंटरने ती जिंकली. घाव वर्मी लागला असता, तर हे घडले नसते.

९/ आता याच्या उलट बाजूचा पुरावा. २०००, २००१, २००२ या तीन वर्षांत युरोपातील एकाही मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटालियन संघ नव्हता. युएफा कप (पुढे युरोपा लीग) स्पर्धेत १९९९ नंतर थेट २०२० पर्यंत एकही इटालियन संघ अंतिम फेरी गाठू शकला नाही. पायथा खचायला घोटाळ्याच्या कितीतरी आधी सुरुवात झाली होती.

१०/ विशेष म्हणजे याच काळात इटालियन क्लब सर्वाधिक खर्च करत होते. १९९९ मध्ये इंटरने व्हिएरीसाठी आणि २००० मध्ये लाझियोने क्रेस्पोसाठी जागतिक विक्रमी किंमत मोजली. पैसा नव्हता म्हणून हे क्लब पडले नाहीत. मग हा पैसा कोणाचा होता आणि तो कशात घातला गेला? माझ्या मते खरा प्रश्न हा आहे.

११/ पहिल्या भागाचे उत्तर : तो आश्रयदात्यांचा पैसा होता. अशा धनिकाला इटालियन भाषेत ‘मेचेनाते’ म्हणतात. सम्राट ऑगस्टसच्या काळात कवींना पोसणाऱ्या मेसिनस या रोमन धनिकाच्या नावावरून हा शब्द आला. मिलानमागे बेर्लुस्कोनींच्या दूरचित्रवाहिन्या, इंटरमागे मोराती कुटुंबाचा तेल शुद्धीकरणाचा व्यवसाय, युव्हेंटसमागे फियाटचे आन्येली घराणे.

१२/ पार्मामागे तान्त्सी यांची दूध उत्पादनांची पार्मालात, लाझियोमागे क्रान्योत्ती यांची डबाबंद अन्नाची चिरिओ, फिओरेंटिनामागे चित्रपट व्यवसायातील चेक्की गोरी. क्लबचे उत्पन्न कितीही असो, तूट मालक भरून काढी. पदरमोड करणाऱ्या यजमानाच्या घरी पंगती उठत होत्या. कोठारात धान्य किती उरले, हे कोणी पाहत नव्हते.

१३/ मग यजमानच बुडाले. २००२ मध्ये फिओरेंटिना दिवाळखोरीत निघाला आणि त्याला चौथ्या श्रेणीतून नवा जन्म घ्यावा लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस चिरिओला आपले रोखे फेडता आले नाहीत. डिसेंबर २००३ मध्ये पार्मालात कोसळली. तिच्या हिशेबांतील खड्डा सुमारे १४ अब्ज युरोंचा निघाला. २००४ मध्ये मॅराडोनाचा नापोली दिवाळखोर होऊन तिसऱ्या श्रेणीत गेला.

१४/ म्हणजे नव्वदच्या दशकात युरोप गाजवणारी मधली फळी अवघ्या दोन-तीन वर्षांत कोलमडली. यात एका धोरणाचीही भर पडली. १९९९ पासून प्रत्येक क्लबला आपले प्रक्षेपण हक्क स्वतंत्रपणे विकण्याची मुभा मिळाली. बड्या क्लबांचा वाटा फुगला, मधल्यांचा आटला. सामूहिक विक्री परत आली ती २०१०-११ च्या हंगामात. तोवर दशक निघून गेले होते.

१५/ हे कोणाच्या ध्यानात का आले नाही? कारण शिखर अजून चमकत होते. २००३ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीतील चारपैकी तीन संघ इटालियन होते आणि मँचेस्टरमधील अंतिम सामन्यात मिलानने युव्हेंटसला पेनल्टी शूटआउटवर हरवले. कळस सोन्याचा असला की पायाला गेलेले तडे सहसा दिसत नाहीत.

१६/ प्रश्नाचा दुसरा भाग : पैसा कशात घातला? खेळाडूंत. तो स्टेडियममध्ये घातला गेला नाही. १९९० चा विश्वचषक इटलीत झाला. बारा शहरांत स्टेडियम नवी बांधली गेली किंवा त्यांची डागडुजी झाली. मात्र हा खर्च सार्वजनिक होता आणि मालकी प्रामुख्याने महापालिकांची. क्लब तेथे भाडेकरू म्हणून राहिले.

१७/ तुरिनचे देल्ले आल्पी हे त्याचे बोलके उदाहरण. विश्वचषकासाठी नव्याने बांधलेल्या या स्टेडियममध्ये मैदानाभोवती धावपट्टी होती. प्रेक्षक खेळापासून दूर फेकला गेला आणि इटलीतील सर्वांत लोकप्रिय क्लब रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळू लागला. २००६ मध्ये ते बंद झाले आणि पुढे पाडण्यात आले. उभारणीपासून निरोपापर्यंत अवघी सोळा वर्षे.

१८/ त्याच १९९० मध्ये इंग्लंडमध्ये काय घडत होते? हिल्सबरो येथील १९८९ च्या चेंगराचेंगरीनंतर नेमलेल्या टेलर समितीचा अंतिम अहवाल जानेवारीत आला. वरच्या श्रेणींतील स्टेडियममध्ये प्रत्येक प्रेक्षकाला आसन देणे बंधनकारक झाले. क्लबांना आपल्या मालकीच्या मैदानांची पुनर्बांधणी करावी लागली. १९९२ मध्ये प्रीमियर लीग आली आणि प्रक्षेपण हक्क एकत्र विकले जाऊ लागले.

१९/ यात इंग्रजांची दूरदृष्टी होती, असे मी म्हणणार नाही. ९७ जणांचा जीव गेल्यावर सुचलेले ते शहाणपण होते. पण परिणाम पाहा. एका देशाला दुर्घटनेने वास्तू बांधायला भाग पाडले, तर दुसऱ्याला वैभवाने ती गरजच भासू दिली नाही. १९९० मध्ये जगातील उत्तम खेळाडू इटलीत होते. २०१० पर्यंत त्यांच्या पगाराची ऐपत इतरत्र गेली होती.

२०/ या टप्प्यावर मला फ्लॉरेन्सचे मेदिची घराणे आठवते. तेही आश्रयदातेच होते. त्यांची प्रसिद्ध पेढी १४९४ मध्ये बुडाली, पुढे वंशही संपला. पण सान लोरेन्झोचे चर्च उभे आहे, उफीत्सी उभे आहे आणि ते शहर आजही त्या वारशाची फळे चाखत आहे. फुटबॉलचे मेचेनाते गेले, तेव्हा मागे काय उरले? छायाचित्रे, चषक आणि देणी. लाझियोचा थकीत कर २३ वर्षांच्या हप्त्यांत फेडायचे ठरले होते.

२१/ या दृष्टीने पाहता २०१० चा इंटरचा विजय हा पुनरुत्थानाचा आरंभ नव्हता; तो जुन्या पद्धतीचा अखेरचा थाट होता. अंतिम सामन्याच्या सुरुवातीच्या अकरा जणांत एकही इटालियन नव्हता, आणि खर्चाचा भार मोराती यांच्या खिशावर होता. तीन वर्षांनी त्यांनी क्लब विकला. २०१७ मध्ये बेर्लुस्कोनींनीही मिलान विकला. २०११ मध्येच युएफाच्या क्रमवारीत जर्मनीने इटलीला मागे टाकले होते आणि चॅम्पियन्स लीगमधील इटलीची चौथी जागा गेली.

२२/ प्रतिवाद रास्त आहेत. पॅरिस सेंट जर्मेन आजही शहराच्या मालकीच्या स्टेडियममध्ये खेळतो आणि २०२५ मध्ये इंटरचा धुव्वा त्यानेच उडवला. खरे आहे. पण त्याच्यामागे कतारसारखे तेल-वायूसंपन्न राज्य आहे. आश्रय कायम टिकवायचा, तर आश्रयदाता न बुडणारा लागतो. दूध कंपनी आणि राज्य यांत हाच फरक.

२३/ ‘१९९५ च्या बोसमन निकालामुळे खेळाडूंची ये-जा मुक्त झाली, त्यात इटली मागे पडली’, असेही म्हटले जाते. पण तो निकाल सर्व देशांना सारखाच लागू होता, आणि पहिली काही वर्षे त्याचा लाभ इटलीनेही घेतला. वारा सर्वांच्या शिडांत सारखाच भरला होता. प्रश्न कोणाचे जहाज दुरुस्त होते, हा आहे.

२४/ उलट बाजूने पडताळा घेऊ. युव्हेंटसने २०११ मध्ये स्वतःच्या मालकीचे स्टेडियम उघडले. पाठोपाठ सलग नऊ देशांतर्गत विजेतेपदे आली. २०१५ व २०१७ मध्ये चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरीही. दोन्ही सामने हरले, पण तेथवर पोहोचले. केवळ विटांनी सामने जिंकता येत नाहीत हे मान्य. तरीही हा क्रम निव्वळ योगायोग वाटत नाही.

२५/ दुसरे उदाहरण अधिक गोड. बर्गामो या मध्यम आकाराच्या शहरातील अटालांटा. कुमार खेळाडू घडवण्याची या क्लबची परंपरा जुनी. २०१७ मध्ये त्याने महापालिकेकडून आपले स्टेडियम विकत घेतले आणि टप्प्याटप्प्याने नव्याने बांधले. २०२४ मध्ये डब्लिनमध्ये लेव्हरकुसेनला ३-० हरवून त्याने युरोपा लीग जिंकली. पंचवीस वर्षांनी तो चषक इटलीत परतला, आणि तो आणला एका ‘लहान’ क्लबने.

२६/ मिलान आणि इंटर मात्र दशकानुदशके सान सिरोमध्ये महापालिकेचे भाडेकरूच राहिले. नवे स्टेडियम बांधायचे की जुने राखायचे, यावर वर्षानुवर्षे वाद झडले. अखेर २०२५ मध्ये महापालिकेने ते या दोन क्लबांना विकण्यास मंजुरी दिली. १९९० मध्ये जे करायला हवे होते, त्याला पस्तीस वर्षे लागली.

२७/ इतिहासाच्या अभ्यासकांना यात एक धडा आहे. ऱ्हासाची कारणे शोधताना आपली नजर घोटाळे, फितुरी आणि एखाद्या काळ्या दिवसाकडे वळते. ते दिवस खरेच असतात. पण घुसणाऱ्या पाण्याला वाट आधीच झालेली असते. ती शोधायची तर पराभवाच्या वर्षांपेक्षा विजयाच्या वर्षांचे हिशेब चाळावेत. एखाद्या सुवर्णकाळाचे मोल ठरवताना त्याने काय जिंकले हे तर पाहावेच, पण मागे काय उभे ठेवले हेही पाहावे.

२८/ मे १९९० मध्ये तीन चषक इटलीत आले, तेव्हा त्या देशात पैसा होता, प्रतिभा होती आणि विश्वचषकासाठी सुरू झालेले बांधकामही होते. तिन्ही एकाच दिशेने लावले गेले असते, तर हा थ्रेड लिहावा लागला नसता.

मतभेद असतील तर अवश्य मांडा. फक्त कालक्रम सोबत घेऊन या. (समाप्त)