शंभर मीटरच्या आतली माणसं

लेणी वाचवा, झोपड्या हटवा. मुंबईत ही घोषणा आता नवी नाही. रविवारी सकाळी भारी बूट घालून हेरिटेज वॉकला येणारी मंडळी ती हळू आवाजात देतात, बिल्डरची माणसं मोठ्यानं देतात. दुसरीकडं आपलीच पोरं म्हणतात, खड्ड्यात गेली ती लेणी, आधी आमच्या डोक्यावर धड छप्पर टाकू द्या. या दोन घोषणांच्या मधे जी जागा उरते ती मोजून शंभर मीटर आहे. तिच्यात आपली माणसं राहतात. मीही राहतो. म्हणून या वेळचं संपादकीय त्या शंभर मीटरावर.

आधी कायदा समजून घ्या. आपल्या लोकांना कायदा नेहमी पोलिसाच्या तोंडूनच ऐकायला मिळतो, तो एकदा आपल्या तोंडानं बोलून बघू. प्राचीन स्मारकांचा केंद्राचा कायदा १९५८ चा. १६ जून १९९२ ला दिल्लीहून अधिसूचना निघाली की स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून शंभर मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र, आणि त्याच्यापुढं दोनशे मीटर विनियमित क्षेत्र. पहिल्यात नवं बांधकाम नाही, दुसऱ्यात परवानगीशिवाय नाही. २०१० साली दुरुस्ती झाली आणि हे आकडे कायद्याच्या पोटातच घातले गेले. प्रतिबंधित क्षेत्रात बांधकाम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता जरा गणित करा. अगदी एका ठिपक्यापासून मोजलं तरी तीनशे मीटरच्या वर्तुळात सत्तर एकर जमीन येते. लेणी काही ठिपका नसतात, त्यांची हद्द डोंगरभर पसरलेली असते. देशात अशी साडेतीन हजारांवर स्मारकं केंद्राच्या यादीत आहेत. अजिंठ्याला जे वर्तुळ तेच कुठल्यातरी इंग्रज सोल्जराच्या थडग्याला. दिल्लीत टेबलावर कंपास फिरवला आणि खाली कोण राहतं ते पाहिलं नाही.

तरी हे वर्तुळ सगळ्यांना सारखं लागलं असतं तर मी निम्मा राग गिळला असता. तसं झालेलं नाही. १९९२ नंतर एक तज्ज्ञ समिती नेमून प्रतिबंधित क्षेत्रातही परवानग्या दिल्या जात होत्या. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ साली तो धंदा बेकायदा ठरवला. मग २०१० च्या दुरुस्तीनं काय केलं? समितीच्या शिफारशीवर आधी दिलेल्या परवानग्या वैध करून टाकल्या. ज्यांचा हात दिल्लीपर्यंत पोचत होता त्यांचं जुनं सगळं माफ, आणि ज्याचा हात वॉर्ड ऑफिसच्या खिडकीपर्यंतसुद्धा पोचत नाही त्याला आजपासून कडक कायदा. पुढं जानेवारी २०१८ मधे लोकसभेनं आणखी एक विधेयक मंजूर केलं. त्यात केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना प्रतिबंधित क्षेत्रात वाट मोकळी करायची होती. राज्यसभेनं ते प्रवर समितीकडं पाठवलं आणि तिथं ते अडलं. म्हणजे शंभर मीटरची रेघ लवचिक होऊ शकते हे सरकारलाही माहीत आहे. ती रस्त्यासाठी वाकते. पत्र्यासाठी वाकत नाही.

वस्तीत याचा अर्थ काय होतो ते सांगतो. भिंत फुगली, ती पाडून पुन्हा उभी करायची, तर नोटीस. पोरगं मोठं झालं, लग्न झालं, वर पोटमाळा चढवायचा, तर नोटीस. पलीकडच्या गल्लीत झोपु योजनेच्या इमारती उठल्या, त्या गल्लीतले लोक लिफ्टनं वर गेले, आणि आम्ही नकाशावरच्या लाल रेघेच्या आत म्हणून योजनेतच नाही. घर बांधता येत नाही आणि दुसरीकडं कुणी देतही नाही. वारसा यादीतल्या इमारतीच्या मालकाला न वापरलेला एफएसआय टीडीआर म्हणून बाजारात विकता येतो, त्याच्या त्यागाची किंमत ठरलेली आहे. झोपडीवाल्यानं तीस वर्षं पावसात बादल्या लावून जो वारसा जपला त्याचा टीडीआर कुणी काढत नाही.

आणि संडास. हा मुद्दा नीट वाचा, कारण इथं आपल्याला सरळ सरळ फसवलं गेलंय. वस्तीत सार्वजनिक संडास मागायला आम्ही गेलो तर एका साहेबानं खुर्चीतून न उठता सांगितलं, लेण्याचा भाग आहे, बांधकाम चालत नाही. बायका अंधार पडायची वाट बघत बसल्या. मग आम्ही कायदाच मिळवला आणि वाचला. त्यात 'बांधकाम' या शब्दाची जी व्याख्या दिली आहे तिच्यातून चार गोष्टी मुद्दाम बाहेर काढलेल्या आहेत: गटारं आणि त्यांची सफाई, सार्वजनिक संडास-मुताऱ्या, लोकांना पाणी पुरवायची कामं, वीजपुरवठा. म्हणजे या कायद्यानुसार सार्वजनिक संडास हे 'बांधकाम' नाहीच. अस्तित्वात असलेल्या घराची डागडुजीही त्या व्याख्येबाहेर ठेवलेली आहे, फक्त प्रतिबंधित क्षेत्रात तिला परवानगी लागते, आणि घर १६ जून १९९२ च्या आधीचं असावं लागतं. अर्ज केल्यापासून तीन महिन्यांत होय किंवा नाही सांगायचं. नाही म्हणायचं तर आधी अर्जदाराचं ऐकून घ्यायचं आणि मग लेखी द्यायचं. साहेबाला हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्याला माहीत करून घ्यायची गरज कधी पडली नव्हती, कारण समोर आपण उभे होतो.

आता सरकारला विकास हवा असतो तेव्हा वारशाचं काय होतं? कृष्णेच्या खोऱ्यात नागार्जुनकोंडा होतं. स्तूप, विहार, शिलालेख, इक्ष्वाकूंची अख्खी राजधानी. नागार्जुनसागर धरणाची कोनशिला १९५५ साली बसली आणि ते खोरं पाण्याखाली जाणार हे ठरलं. मग घाईघाईनं उत्खनन झालं, निवडक वास्तूंचे दगड उचलून टेकडीवर पुन्हा मांडले, आज ती टेकडी बेट झाली आहे. मी धरणाच्या विरोधात नाही, पाण्यावर कुणाची पोटं चालतात ते मला कळतं. पण एक ध्यानात ठेवा. सरकारला पाहिजे असेल तर बुद्धाचा स्तूपसुद्धा हलवता येतो. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयानंच २०२२ साली संसदीय समितीला सांगितलं की पन्नास संरक्षित स्मारकं आता सापडत नाहीत. त्यातली बारा धरणांच्या जलाशयांत बुडाली, चौदा शहरं वाढली त्यात गेली, चोवीसांचा पत्ताच नाही. या हिशेबात झोपडीच्या नावावर वेगळा आकडा नाही. तरी बोट आमच्याकडंच.

आता आपल्या पोरांशी दोन शब्द. दोस्तहो, खड्ड्यात गेली लेणी म्हणताना जरा दमानं. ती कुणाची आहेत? जुन्नरच्या लेण्यातला शिलालेख सांगतो की संघासाठी ठेव कुणाकडं ठेवली, तर बांबूचं काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडं आणि कासारांच्या श्रेणीकडं. बांबूकाम करणाऱ्यांची पत होती, त्यांच्याकडं पैसा व्याजानं ठेवावा इतका विश्वास होता. कार्ल्याच्या चैत्याच्या दारावर सुताराचं नाव कोरलेलं आहे. लोहार, माळी, सोनार, व्यापारी, भिक्षुणी, सगळ्यांची नावं या दगडांत आहेत. पुढं कधीतरी बांबूवाला बुरुड गावाच्या कडेला गेला आणि लेण्यांना पांडव चिकटले. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना पांडवलेणी म्हणायचं, अंधेरीच्या कोंडिवटे लेण्यांना महाकाली. नाव बदललं की वारस बदलतो.

सोपाऱ्याचा स्तूप तर नाव ऐकूनच अंगावर काटा येतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथलं टेकाड खणलं, तेव्हा लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत होते. आत दगडी पेटी निघाली, पेटीत एकात एक करंडक, बुद्धांच्या आठ छोट्या कांस्यमूर्ती. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे याच सोपाऱ्याच्या परिसरात सापडले. गावातल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसांनी काय ध्यानात ठेवलं होतं? इथं बुरुडाचं राज्य होतं, एवढंच. मला ते चुकीचं वाटत नाही. आज त्या स्तूपाच्या भोवती नालासोपारा वाढलंय, आणि तिथं स्वस्तात खोली घेणारा माणूस गिरणी बंद पडलेल्याचा, कंत्राटावरच्या सफाई कामगाराचा मुलगा आहे. स्तूपही त्याचा, खोलीही त्याची. त्याला दोघांतलं एक निवड म्हणून सांगणारे आपण कोण?

आणि हे हक्काचं बोलताना एक आठवण ठेवा. १९३४ साली बाबासाहेब सोबत्यांसह दौलताबादचा किल्ला बघायला गेले. बाहेरच्या हौदावर हातपाय धुतले म्हणून हौद बाटवला असा गलका झाला. शेवटी किल्ल्यात कुठंही पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, हत्यारी शिपाई बरोबर देऊन त्यांना आत सोडलं. बाबासाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय. ऐतिहासिक वास्तू सगळ्यांची असते असं आज जे फलकावर लिहितात, ते आपल्या बाबतीत इतकं अलीकडचं आहे.

म्हणून मी लेण्यांच्या बाजूनं आहे, आणि वस्तीच्याही. यात अवघड काय आहे ते लपवत नाही. डोंगरावरच्या घरांचं सांडपाणी कातळाच्या भेगांतून लेण्यात झिरपतं. दगड सुटतो, शिल्पाचं नाक-तोंड झडतं. हे आपल्याच मोरीचं पाणी आहे. पण त्याला उपाय गटार हा आहे, बुलडोझर नाही. गटार बांधायला कायद्याची आडकाठी नाही हे वर सांगितलंच आहे. झोपडीचा पत्रा लेण्याचं जेवढं वाकडं करतो त्याच्या शंभरपट तिनशे मीटरच्या काठावर सुरुंग लावून पाया खणणारा टॉवर करतो, डोंगराच्या पायथ्याची माती ट्रकनं उचलणारा करतो. मोजायचं असेल तर हादरे मोजा, पाणी कुठून कुठं जातं ते मोजा. नुसती टेप लावून काय कळणार?

मोजायची सोय कायद्यात आहे. २०१० च्याच दुरुस्तीत लिहिलंय की प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी करायचे: इथं उंची किती, बांधणी कशी, काय चालेल, काय नाही. इतकी वर्षं उलटली तरी बहुतेक स्मारकांचे उपविधी अजून झालेले नाहीत. शहाणपणाचा भाग कपाटात आणि दंडुक्याचा भाग रस्त्यावर. शिवाय उपविधी करताना इंटॅकसारख्या तज्ज्ञ संस्थांशी सल्लामसलत करा असं कायद्यात नाव घालून लिहिलंय. वस्तीचं नाव कुठं नाही. मसुद्यावर हरकती घ्यायची तरतूद नियमांत आहे, पण मसुदा दिल्लीच्या वेबसाईटवर टाकून काय होणार? तो मराठीत करा, नळावर चिकटवा, वस्तीत सभा घेऊन वाचून दाखवा.

आमचं मागणं म्हणून एवढंच आहे. ज्या लेण्यांभोवती वस्ती आहे तिथले उपविधी आधी करा, मोजणीला वस्तीतली माणसं बरोबर घ्या. शंभर मीटरच्या आत ज्यांना खरोखरच राहता येणार नाही त्यांना त्याच वॉर्डात, शेजारच्या झोपु इमारतीत घर द्या, आणि ताबा दिल्याशिवाय एक वीट हलवू नका. गटार, संडास, पाणी याला उपविधींची वाट बघायचं कारण नाही, ते आज सुरू करा. लेण्यावर पहारेकरी, सफाईवाले, माहिती सांगणारे नेमाल ते वस्तीतून नेमा, आणि कंत्राटावर नको, कायम नेमा. आमची पोरं ब्राह्मी शिकायला तयार आहेत.

हे कागदावर द्यायचं तर कागद लागतील. म्हणून रेघेच्या आत राहणाऱ्या प्रत्येक घरानं १६ जून १९९२ च्या आधीचा काहीही पुरावा शोधून ठेवावा: जुनं रेशनकार्ड, लाईटबिल, मतदारयादीतलं नाव, पोराचा शाळेचा दाखला, फोटोपास. पत्र्याच्या पेटीत, देव्हाऱ्यात, बाबासाहेबांच्या फोटोच्या मागं, जिथं असेल तिथून काढा. अर्ज आम्ही लिहून देऊ, डागडुजीचा वेगळा आणि संडासाचा वेगळा. अर्ज दिला की पोच घ्यायची आणि त्या तारखेपासून तीन महिने मोजायचे. झेरॉक्स द्यायची. मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचा नाही, आमच्यासुद्धा.