म्हसवडवर ढग दाटतात, पण पाऊस का पडत नाही? उत्तर ग्लायडरच्या उड्डाणात

महाबळेश्वर आणि म्हसवड एकाच सातारा जिल्ह्यात. सरळ अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. एकीकडे वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, दुसरीकडे जेमतेम ५०० च्या आसपास. जून-जुलैत माणदेशावरून ढग धावतात, पण जमीन कोरडीच राहते. असं का होतं, हे ग्लायडर उडवणाऱ्यांच्या आठवड्यावरून सोप्या पद्धतीने समजतं.

ग्लायडर कशावर उडतं?

ग्लायडरला इंजिन नसतं. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग केंद्र आहे. तिथे विंचच्या दोराने ग्लायडर वर खेचतात आणि मग दोर सोडून देतात. पुढे वर राहायचं तर तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा शोधावी लागते. घारी न फडफडता गिरक्या घेतात, त्या याच हवेवर.

आठवडाभर हवामान कसं बदलतं?

उन्हाळ्यातला एक आठवडा घ्या. निरभ्र दिवशी दुपारी गरम हवा जोरात उठते. आर्द्रता वाढली की तिच्या माथ्यावर कापसासारखे ढग दिसू लागतात. वैमानिकासाठी ही खूणच: ढगाखाली हवा वर जातेय. उंचावर ढगांचा पातळ पडदा आला तर ऊन कमी होतं आणि वर नेणारी हवाही मंदावते. वळिवाचे काळे ढग उभे राहिले, तर उड्डाण बंद.

ढगाचा तळ किती उंच?

वर जाणारी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते. त्यावरून एक ढोबळ हिशेब निघतो: तापमान आणि दवबिंदू यांतला फरक गुणिले १२५ मीटर. तापमान ३६ आणि दवबिंदू १६ असेल, तर ढगाचा तळ अडीच किलोमीटरवर. हेच आकडे ३० आणि २२ असतील, तर फक्त एक किलोमीटरवर.

मग माणदेशात काय होतं?

मान्सूनचे वारे सह्याद्री चढताना बरंचसं पाणी घाटमाथ्यावर टाकतात. पूर्वेकडे उतरताना हीच हवा गरम आणि कोरडी होते. त्यामुळे इथले ढग पुरेसे वाढत नाहीत. थेंब पडलेच, तर त्यातले बरेच वाटेतच वाळतात.

कृत्रिम पाऊस हा उपाय आहे का?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात शेजारच्या सोलापूर भागात प्रयोग केला. २७६ ढग निवडले. काहींत विमानातून क्षारकण सोडले, बाकीचे तुलनेसाठी तसेच ठेवले. सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढल्याचं निष्कर्षात म्हटलं आहे.

मात्र हे १८ टक्के योग्य ढग असतील तेव्हाचे. या तंत्राने नवा ढग तयार होत नाही. ऐन दुष्काळात असे ढगच कमी असतात आणि विमान तयार असूनही उपयोग होत नाही. म्हणून कृत्रिम पावसाची घोषणा झाली की पहिला प्रश्न विमानाचा किंवा खर्चाचा नाही, ढगाचा विचारायला हवा. आणि पडलेलं पाणी अडवण्याचं काम कुठल्याही वर्षी टळत नाही.