आत गेला तो गेला

लोणावळ्यात मासा नव्या पाण्यात सोडण्याचे शास्त्र जवळजवळ पन्नास वर्षे जुने आहे. वळवणचे धरण बांधले गेले ते टाटांच्या खोपोलीच्या वीजघरासाठी. १९१५ साली तिथून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. पुढे १९७०च्या दशकात याच तलावाच्या काठी दख्खनी महसीरची पैदास सुरू झाली. हा मासा मूळचा इथलाच. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याजवळच्या नदीतल्या माशावरून. पावसाळ्यात पकडलेल्या मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायची, नराचे वीर्य त्यात मिसळायचे आणि पिल्ले वाढवून धरणांत, नद्यांत सोडायची, असे ते काम. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले ही त्यामागची दोन मोठी नावे.

या दोघांनी १९७९ साली ‘अ‍ॅक्वाकल्चर’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला. विषय होता, महसीरची अंडी ओल्या कापसात ठेवून विमानाने पाठवणे. पाण्याने फुगलेली पिशवी नाही, सांडलवंड नाही, वजनही नाही. अंड्याला ओलावा आणि प्राणवायू मिळाला की पुरे, हे ओळखून त्यांनी बाकी सगळे गाळून टाकले. खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणाऱ्यांच्या मासिकात गोड्या पाण्यातल्या महसीरने सुरुवात का, असे कुणी विचारील. कारण नवा मासा आणताना नेमके हेच ठरवायचे असते: प्रवासात त्याला काय लागते, आणि आपण सवयीने त्याच्यासोबत काय काय आत घेतो.

मावळातल्या मरीन टाकीतला बहुतेक मासा मुंबईहून येतो. परदेशातून विमानतळावर, तिथून घाऊक व्यापाऱ्याकडे, मग दुकानात आणि शेवटी बोरघाट चढून लोणावळा, कामशेत किंवा वडगावला. शनिवारी सकाळी घाट तुंबला की शेवटच्या टप्प्याचेच तीन-चार तास होतात. पिशवी तितका वेळ डिकीत असते.

त्या पिशवीत काय घडते हे प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. मासा श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच खाली येतो. मासा अमोनियाही टाकत असतो, पण पीएच उतरलेला असल्यामुळे त्यातला बहुतेक अमोनियम या निरुपद्रवी रूपात राहतो. म्हणजे घाणेरड्या पाण्यातही मासा तग धरतो. घरी आणून पिशवीचे तोंड उघडले, हवेची नळी सोडली आणि थेंब थेंब पाणी सुरू केले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनियम विषारी अमोनियात बदलतो. तासभर ‘ड्रिप’ लावून मासा सवयीचा करण्याची आपली लाडकी पद्धत लांबच्या प्रवासाहून आलेल्या माशाला अशी जाळते. चिंचवडच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाला ड्रिपने काही होत नाही. बारा-पंधरा तास बंद पिशवीत राहिलेल्याला होते. त्याच्यासाठी क्रम उलटा करावा. दुकानदाराला आधी फोन करून त्याच्याकडची क्षारता विचारावी, आपले पाणी तितके करून ठेवावे, पिशवी न उघडता तरंगत ठेवून तापमान जुळवावे आणि मग मासा पटकन उचलून पलीकडे घ्यावा. पिशवीतले पाणी सिंकमध्ये.

क्षारतेचा प्रश्न आपण फारच हलक्यात घेतो. कित्येक दुकानांत माशांचे पाणी १.०१८ ते १.०२० घनतेचे असते. मीठ वाचते आणि परजीवी थोडे दबतात. आपल्या रीफ टाकीत ते १.०२५ किंवा १.०२६ असते. माशाला जास्त खारटातून कमी खारटात उतरणे सोसते, उलटे जाणे जड जाते. ती चढण काही दिवसांत वाटून द्यावी लागते, आणि ते करायला मासा मुख्य टाकीत असून चालत नाही. म्हणजे वेगळी टाकी आलीच.

इथे अनेक जुने शौकीन हसतात. ‘इतकी वर्षे थेट टाकतोय, काही झाले नाही.’ त्यांचे खरे असेलही. पण ‘क्रिप्टोकॅरिऑन’, म्हणजे आपण ज्याला मरीन इच किंवा पांढरे ठिपके म्हणतो, त्या परजीवीचे जीवनचक्र पाहिले तर हा भरवसा कशावर उभा आहे असा प्रश्न पडतो. अंगावरचा ठिपका तीन ते सात दिवस माशावर पोसतो आणि गळून पडतो. ठिपके गेले, मासा बरा झाला, असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात तो परजीवी वाळूत किंवा खडकावर कोश करून बसतो, आतल्या आत विभागला जातो आणि शेकडो पिल्ले घेऊन फुटतो. कोश फुटायला कधी तीन दिवस लागतात, कधी महिना. प्रयोगशाळेत सर्वात उशिरा फुटलेला कोश ७२ दिवसांचा नोंदला गेला आहे. म्हणून एकदा हा पाहुणा मुख्य टाकीत शिरला की सगळे मासे बाहेर काढून ती टाकी अडीच महिने रिकामी ठेवणे, एवढाच खात्रीचा मार्ग उरतो. औषध तिथे टाकता येत नाही. तांबे माशाला वाचवते, पण कोळंबी, शंख आणि प्रवाळ यांना मारते.

आणि हा त्यातला सौम्य आजार. ‘अमायलूडिनियम’ अर्थात वेल्व्हेट आला तर दोन-तीन दिवसांत टाकी साफ होते, पुष्कळदा ठिपके दिसण्याआधीच. क्लाउनफिशवर येणारा ब्रूकलिनेला आणि क्रोमिसच्या कुशीवर लाल व्रण उठवणारा युरोनीमा हेही याच घाईच्या दारातून आत येतात.

क्वारंटाइन टाकी म्हणजे फार मोठा संसार नव्हे. पन्नास-साठ लिटरची साधी काच, हीटर, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. वाळू नाही, खडक नाही, कारण दोन्ही तांबे शोषून घेतात आणि औषधाची मात्रा हातातून निसटते. चार ते सहा आठवडे. तांबे वापरायचे तर मोजणीचे किट हाताशी हवे. ‘बाटलीवर लिहिलेले तेवढे टाकले’ हे मोजमाप नव्हे. याच आठवड्यांत मासा आपल्या हातचे खायला शिकतो. हा फायदा कुणी फारसा सांगत नाही, पण खाणारा मासा मुख्य टाकीत उतरला तर तिथल्या दादागिरीपुढे टिकतो, उपाशी टिकत नाही.

आता वळवणकडे परत, कारण त्या गोष्टीचा उत्तरार्ध आपल्या जास्त कामाचा आहे. वळवणची पिल्ले महाराष्ट्राबाहेरही गेली. १९७०च्या दशकापासून ती कर्नाटकात कावेरीत सोडली गेली. हेतू चांगला होता. महसीर घटत होते आणि हाती तयार बीज याच जातीचे होते. पण कावेरीचा स्वतःचा एक महसीर होता, पाठीला कुबड असलेला, प्रचंड वाढणारा, जगभरच्या गळवाल्यांना वेड लावणारा. गळाने पकडून पुन्हा पाण्यात सोडलेल्या माशांच्या तिथल्या छावण्यांतल्या नोंदी संशोधक एड्रियन पिंडर आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. १९९८ ते २०१२ या काळात एकूण महसीर वाढलेले दिसले आणि कुबडवाला घटत गेलेला. नदी भरलेली दिसत होती, फक्त तिचा मूळ रहिवासी त्यात नव्हता. हा मासा नेमका कोणता, ‘टॉर रेमादेवी’, हे शास्त्राने नक्की केले ते २०१८ साली, आणि त्याच सुमारास त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली. दोष एकट्या वळवणच्या पिल्लांचा नाही. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग लावून होणारी मासेमारीही त्यात आहेच. तरी सोडलेली जात परत वेचून काढणे आता कुणालाच शक्य नाही.

घरच्या टाकीत हेच लहान प्रमाणात घडते. दीडशे किलो लाइव्ह रॉकच्या मागे शिरलेला डॅमसेल पकडायचा तर अख्खी रचना उपसावी लागते. स्वस्त, काटक, निळाशार दिसतो म्हणून डॅमसेल पहिला टाकला जातो आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक माशाला तो विरारच्या गाडीत दारात उभ्या असलेल्या जुन्या प्रवाशासारखा वागवतो. म्हणून बुजरे आधी, भांडखोर शेवटी. एकाच वंशातले दोन झेब्रासोमा टँग लहान टाकीत एकामागून एक सोडणे म्हणजे एकाचा बळी ठरलेला. सोडायचेच तर एकदम सोडावेत, किंवा नव्याला काही दिवस भोकांच्या पारदर्शक पेटीत टाकीतच ठेवून जुन्याला त्याची सवय होऊ द्यावी. क्लाउनफिशच्या जोडीत एक ठळकपणे मोठा आणि एक लहान घ्यावा. सगळे जन्मतः नरच असतात आणि वरचढ ठरतो तो मादी होतो. सारख्या आकाराच्या दोघांत हा निकाल मारामारीने लागतो. मँडरिनसारखा मासा तर फक्त बारीक कोपेपॉड वेचून जगतो. नव्या, कोऱ्या टाकीत तो दिसायला सुंदर आणि महिन्याभरात काटकुळा होतो. हे सगळे विकत घेण्याआधी ठरवायचे, घरी आणल्यावर नव्हे.

लोणावळा, खंडाळा आणि पवना परिसरातल्या सुट्टीच्या बंगल्यांबद्दल थोडे वेगळे बोलायला हवे. तिथे मोठ्या, महागड्या मरीन टाक्या आहेत आणि मालक आठवड्याचे पाच दिवस मुंबईत असतो. शुक्रवारी रात्री मासा आणायचा, शनिवारी पाहुण्यांना दाखवायचा, रविवारी संध्याकाळी निघून जायचे, ही त्या टाक्यांची खरी व्याधी. नव्या माशाचे पहिले चार दिवस सर्वात धोक्याचे, आणि त्याच चार दिवसांत त्याच्यावर नजर असते ती माळीकाकांची. त्यांचा दोष नाही. श्वास जलद चाललाय की नाही, मासा पंपाच्या प्रवाहात तोंड घालून उभा आहे की काय, खडकाला अंग घासतोय का, हे त्यांना कुणी दाखवलेलेच नसते. टाकीची देखभाल करणाऱ्या व्यावसायिकांनी अशा ग्राहकाला शुक्रवारी नव्हे, सोमवारी मासा द्यावा आणि आठवडाभर स्वतः जावे. ग्राहक कुरकुर करील. करू द्यावी.

पावसाळ्याचा मुद्दा तर इथे टाळताच येत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्ये. झाड पडले, वीज गेली, हे रोजचे. वीज गेल्यावर मालक आधी हीटरची काळजी करतो. वास्तविक मोठ्या टाकीचे पाणी हळू थंड होते, प्राणवायू मात्र लवकर उतरतो, आणि नव्याने आलेला, दमलेला मासा आधी जातो. बॅटरीवरचा एअर पंप ही पहिली खरेदी असावी, इन्व्हर्टर नंतर. क्वारंटाइनची लहान टाकी मात्र झपाट्याने गारठते, तिथे हीटरही चालू राहिला पाहिजे. मुसळधारेच्या पंधरवड्यात नवा मासा आणूच नये, हे उत्तम.

खरेदी करताना काय घ्यायचे नाही तेही स्पष्ट असावे. समुद्रघोडे आणि सर्व कठीण प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले गेले. ‘फार्ममधला आहे, काळजी नको’ असे तोंडी सांगणाऱ्या दुकानदाराला कागद मागावा. उलट क्लाउनफिश आता टाकीत जन्मलेला सहज मिळतो. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही सागरी शोभिवंत माशांच्या पैदाशीचे काम झाले आहे. टाकीत जन्मलेला मासा गोळी खातो, काच ओळखतो आणि प्रवाळखडकावर सायनाइड फवारून पकडलेला नसतो. थोडे जास्त पैसे पडले तरी तोच घ्यावा.

आणि नकोसा झालेला मासा? तो दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या शौकिनाला. खाऱ्या पाण्याचा मासा इंद्रायणीत जगणार नाही, पण अलिबाग-मुरूडच्या सहलीला जाताना ‘समुद्रातलाच आहे, समुद्रात सोडू’ हा विचार अनेकांना पुण्याचा वाटतो. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ साली पहिला लायनफिश दिसला. हिंद आणि प्रशांत महासागरातला तो मासा, शौकिनांच्या टाक्यांमधून तिथे पोहोचला असे मानले जाते. आज कॅरिबियनभर तो पसरला आहे आणि त्याला हटवण्यासाठी भाले घेऊन मोहिमा निघतात. माशाबरोबर आपल्या टाकीतले परजीवी, शेवाळ आणि गोगलगायीही जातात, हे वेगळेच.

गणपतीच्या सुट्टीत टाकीत नवे मासे घालण्याचा बेत पुष्कळांचा असतो. ज्यांच्याकडे क्वारंटाइन टाकी नाही त्यांनी निदान एक स्पंज आजच मुख्य टाकीच्या संपमध्ये टाकून ठेवावा. त्यावर उपयोगी जिवाणू बसायला चार-सहा आठवडे लागतात.